आधी चालती करा, रंगाचे नंतर पाहू

पत्राचा गोषवारा: सोलापुरातील एका सहकारी संस्थेत नोकरी करणारे चौपन्न वर्षांचे वाचक लिहितात की, त्यांचे बालपण गिरणीच्या चाळीत गेले. वडील विणकाम खात्यात कामाला होते. गिरणीतील एका अधिकाऱ्यांचा मुलगा वाकड्या हँडलची, हिरव्या रंगाची रॅले रेसर सायकल घेऊन रोज चाळीसमोरून जात असे आणि तशी सायकल आपल्याला मिळावी म्हणून वाचकांनी बराच हट्ट केला होता. वडिलांनी अखेर जुन्या बाजारातून एक साधी काळी सायकल आणून दिली. रविवारी तिचे ओव्हरऑइलिंग (भाग सुटे करून साफसफाई आणि तेल-ग्रीस) ते स्वतः करत आणि छर्रे पुसायचे काम मुलाकडे असे. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबाचा रेल्वे लाइन्समधील बंगला विकला गेला, तेव्हा मागच्या बाजूला पडलेली ती हिरवी सायकल वाचकांनी पाच हजार रुपयांना विकत घेतली. आता ती पूर्ण गंजलेली आहे, टायर चिरले आहेत, ब्रेक जाम आहेत आणि सीटची दांडी अडकून बसली आहे. एका कारागिराने जुना रंग काढून पावडर कोटिंग, निकेल आणि नवी चाके असा अठरा हजारांचा खर्च सांगितला आहे. पत्नीचे म्हणणे असे की, एवढ्या पैशांत नवी गिअरची सायकल येईल आणि वयाचेही भान ठेवायला हवे. पुण्यात असलेला मुलगा ती भिंतीवर टांगायला सांगतो. तूर्त सायकल पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली उभी आहे. वाचक विचारतात, "हा वेडेपणा आहे का? आणि नसेल, तर ती पूर्वीसारखी दिसावी यासाठी सुरुवात कुठून करू?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर लवकर देता येते. पैसे देऊन झाले आहेत, सायकल कोणाच्या वाटेत आडवी येत नाही आणि कोणाचे देणे थकवून आपण ती आणलेली नाही, तेव्हा वेडेपणाची चर्चा इथेच थांबवू. दुसरा प्रश्न मात्र आपण ज्या शब्दांत विचारला आहे त्या शब्दांत मला मान्य नाही. आपल्या पत्रात त्या सायकलचा रंग आहे, हँडलला गुंडाळलेली पांढरी पट्टी आहे, उन्हात चमकणाऱ्या रिमा आहेत आणि पायडल थांबवल्यावर येणारी फ्रीव्हीलची टिकटिकही आहे. ती चालवताना कसे वाटते याविषयी मात्र एक शब्द नाही, आणि तो असणार तरी कसा, कारण आपण तिच्यावर कधी बसलाच नाहीत. आपली सगळी माहिती चाळीच्या कट्ट्यावरून मिळालेली आहे. त्या माहितीवर विसंबून अठरा हजार खर्च केलेत, तर आपल्या पदरात पुन्हा एकदा पाहण्यासारखी सायकलच पडेल, फक्त या वेळी ती आपल्या पोर्चमध्ये उभी असेल.

म्हणून माझी सूचना अशी की रंग, निकेल आणि पट्टी हे सगळे तूर्त बाजूला ठेवावे आणि कमीत कमी खर्चात सायकल सुरक्षितपणे चालती करावी. दोन-तीन महिने ती चालवून पाहावी आणि मगच पुढचे ठरवावे. वाकड्या हँडलवर पाठ पुढे झुकते, मान वर धरावी लागते आणि मनगटांवर भार येतो. सोळा वर्षांच्या मुलाला ती बैठक जशी सोयीची असते तशी ती दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या माणसाला असेलच असे नाही. कदाचित ती आपल्याला फार आवडेल. कदाचित हँडल दोन इंच वर घ्यावे लागेल, किंवा सरळ हँडल बसवावेसे वाटेल. सायकल पूर्वीसारखी करण्यात अठरा हजार गुंतल्यानंतर असा बदल करण्याचे धैर्य होत नाही.

'पूर्वीसारखी' म्हणजे नेमकी कोणत्या दिवसासारखी, हाही प्रश्न आहेच. ती सायकल त्या मुलाच्या रोजच्या वापरात होती, म्हणजे तिच्यावर ओरखडे तेव्हाही असणार. मूळ रंगावरच्या बारीक सोनेरी रेघा आणि कंपनीची अक्षरे एकदा रंग खरवडला की परत येत नाहीत. शिवाय पावडर कोटिंगचा थर जाड असल्याने नळ्यांच्या जोडांच्या रेखीव कडा बुजतात आणि आट्यांमध्ये पावडर शिरली तर छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्या बसवताना त्रास होतो. जुन्या सायकलींची पारख असणारी माणसे फिकट झालेल्या मूळ रंगाला चकचकीत नव्या रंगापेक्षा अधिक मान देतात, आणि माझेही मत त्यांच्याच बाजूचे आहे.

आपण लिहिता की हँडलखालच्या बिल्ल्यावर बगळ्याचे डोके आहे, त्यामुळे सायकल अस्सल इंग्लिश आहे. बगळा रॅलेचाच, यात वाद नाही. परंतु १९५० च्या दशकापासून आसनसोलजवळच्या सेन-रॅलेच्या कारखान्यात याच नावाच्या सायकली आपल्या देशातही तयार होत होत्या, म्हणून केवळ नावावरून विलायतेचा निर्वाळा देता येत नाही. बिल्ल्यावर नॉटिंगहॅमचे, म्हणजे रॅलेच्या इंग्लंडमधील कारखान्याच्या गावाचे, नाव आहे का आणि हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक, क्रँक (पायडलचा दांडा) यांवर कोणत्या देशाचा छाप आहे, हे रॉकेलच्या फडक्याने पुसून पाहा. यात मोठेपणाचा प्रश्न नसून सोयीचा आहे. नॉटिंगहॅमच्या कारखान्याने आपल्या बऱ्याच सायकलींच्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या जागेच्या) आणि हँडलच्या वाट्यांना इंचाला २६ आटे ठेवले होते, तर इतरत्र २४ आट्यांची पद्धत रूढ होती. आपली सायकल तशी निघाली, तर जुन्या वाट्या जपून ठेवा, फक्त छर्रे बदला आणि बाजारातली वाटी 'थोडी जोर लावून' बसवण्याची परवानगी कोणालाही देऊ नका, कारण तो जोर फ्रेमचे आटे कायमचे खाऊन टाकतो.

आता गंजाकडे वळू. आपल्याकडच्या कोरड्या हवेत उभ्याउभ्या सायकल इतकी गंजत नाही. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथे प्रत्येक घरामागे टाकी असते, आणि मला दाट शंका आहे की ही सायकल वर्षानुवर्षे त्या टाकीच्या ओलाव्यात टेकून उभी होती. हे महत्त्वाचे अशासाठी की वरून दिसणारा गंज फसवा असतो. घातक गंज नळ्यांच्या आत असतो, कारण सीटच्या दांडीवाटे शिरलेले पाणी खाली उतरून बीबीपाशी साचते. म्हणून पहिले काम ती अडकलेली दांडी सोडवण्याचे. सीटचा बोल्ट पूर्ण सैल करा, गंज सोडवणारे तेल रोज संध्याकाळी थोडेथोडे जोडावर सोडा, आठवडाभर घाई करू नका आणि मग दांडी ओढण्याऐवजी डावी-उजवीकडे फिरवून पाहा. ती निघाली की सायकल उलटी करून फ्रेम हाताने थापटा. तांबडी पूड पडली तर हरकत नाही. कागदासारखे पापुद्रे पडू लागले तर नळी आतून खाल्ली गेली आहे असे समजावे.

त्यानंतर फ्रेमची परीक्षा करावी, आणि ती उजेडात, पुरेसा वेळ काढून करावी. खालच्या तिरक्या नळीच्या खालच्या अंगाला, हँडलच्या नळीपासून चार बोटांच्या अंतरात, बोटाचे पेर हळूहळू फिरवा. रंगाखाली बारीकशी सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. मग चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपायी भाग, बाजूने पाहा: त्याचे दोन्ही पाय वरून हँडलच्या नळीच्या रेषेत उतरून टोकाशी पुढे वळलेले हवेत, तो मागे ढकलल्यासारखा दिसला तर धडकेची खात्री झाली. शेवटी मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेला दोरा बांधा, तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजपट्टीने मोजा. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहा मिलिमीटर निघाले तर फ्रेम वाकडी आहे. या तपासणीला दोऱ्याशिवाय काही लागत नाही, आणि आपल्याला अठरा हजारांचा अंदाज देणाऱ्या कारागिराने ती केली होती का, हे त्यांना नम्रपणे विचारावे.

फ्रेमला भोक पडलेले असेल किंवा चिमट्याला तडा असेल, तर मात्र आपल्या मुलाचे म्हणणे ऐका आणि सायकल भिंतीवर लावा. चिमटा वेल्डिंग करून वापरण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नका. चालत्या सायकलचा चिमटा तुटला तर माणूस थेट तोंडावर पडतो.

फ्रेम धड निघाली असे धरून पुढे जाऊ. मूळ रंग साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावा, गंजाचे ठिपके तेलात भिजवलेल्या फडक्याने हळूहळू घासावेत आणि वरून मेणाचे पॉलिश लावावे. निकेल-क्रोमच्या रिमा आणि हँडल यांवर पॉलिश पेपर चालवू नये, त्याने चमक कायमची जाते. पोळ्या गुंडाळतो त्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासून पाहा: ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही आणि तांबूस पाणी सुटून खालची चकाकी वर येते. जिथे क्रोमच उडाले आहे तिथे काळे डाग राहतील, ते राहू द्यावेत.

फार गंजलेल्या सुट्या लोखंडी भागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. रंगाई-धुलाईचा धंदा असलेल्या आपल्या गावात ते रसायनांच्या दुकानात सहज मिळावे, कारण कापडावरचे गंजाचे डागही त्यानेच काढतात. प्लास्टिकच्या टबात एक लिटर पाण्याला २० ते ३० ग्रॅम एवढे पुरते; काही तासांनी भाग काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावेत, लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर तासाभरात नवा गंज धरतो. हे रसायन विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत, लहान मुले आणि घरातली भांडी यांपासून दूर हे काम करावे; ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नयेत. स्वच्छतागृहाच्या ॲसिडने गंज झटपट निघतो हे खरे, पण ते स्टीलही खाते, कडक भागांना ठिसूळ करते आणि त्याच्या वाफेने शेजारच्या चांगल्या वस्तूही गंजतात. फ्रेमच्या आतल्या गंजावर जुना उपाय जवसाच्या तेलाचा आहे. हे तेल चटणीच्या जवसातून घरी काढलेले चालणार नाही, रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्डच घ्यावे. ते नळ्यांत ओतून, फ्रेम सगळीकडे फिरवून जास्तीचे निथळू द्यावे. त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात आणि इथला उन्हाळा त्याला मदतच करील. मोकळी पसरून वाळवावीत, मग फेकावीत.

टायरच्या बाबतीत एक फसगत हमखास होते. रेसर सायकलींना त्या काळी बहुधा २७ इंची, सव्वा इंच रुंदीचे टायर असत, तर आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलींना २८ बाय दीडचे. दुकानदार दुसरा टायर काढून "बसतोय की, मालक" म्हणेल. पहिल्याचा रिमवर बसण्याचा व्यास ६३० मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा ६३५, आणि पाच मिलिमीटरच्या त्या ढिलाईमुळे हवा भरल्यावर टायर रिमवरून निसटतो. जुन्या टायरच्या कडेवरचा आकडा वाचा आणि त्याच आकड्याचा टायर मागा. तो हाती येईपर्यंत दुसऱ्या कशावरही पैसे खर्च करू नका. मिळालाच नाही, तर आजच्या रोड सायकलींची ६२२ मिलिमीटरची चाके बसवण्याचा मार्ग आहे. त्यात ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकवावे लागते, तेवढी जागा आपल्या ब्रेकच्या खाचेत आहे का हे आधी मोजून घ्यावे. ज्या वाचकांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची साधी काळी सायकल गंजत पडली आहे, त्यांना ही अडचण येणार नाही, त्यांचे सगळे सामान अजूनही कोणत्याही पेठेतल्या सायकल दुकानात मिळते.

उघडताना दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते उलट्या दिशेला सुटते, आणि पान्ह्याला पाइप लावून चुकीच्या दिशेने जोर देणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या क्रँका वाया घालवल्या आहेत. दुसरी गोष्ट कॉटरची, म्हणजे क्रँक आसावर घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरेची. नट काढून कॉटरवर सरळ हातोडा मारला तर तो घाव बीबीच्या छर्ऱ्यांवर बसतो आणि वाटीत खड्डे पडतात. क्रँकच्या खाली, जमिनीला टेकेल असा जाड पाइपचा तुकडा उभा धरून मगच एक नेमका घाव घालावा. नवी कॉटर जशीच्या तशी क्वचितच बसते. तिची तिरपी बाजू कानशीने घासून दोन्ही क्रँक एका रेषेत आणाव्या लागतात. मागांचे आणि यंत्रमागांचे सुटे भाग घडवणारे फिटर आणि लेथवाले आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे या कामाला पुण्याकडे पाहण्याची गरज नाही.

छर्ऱ्यांचे आणि कोनांचे (आसावरचे, छर्रे दाबून धरणारे नट) काम मात्र आपण स्वतः करावे असे मी सुचवीन. काळ्या सायकलविषयी पत्रात आपण "ती साधीच होती" एवढेच लिहून पुढे गेला आहात. मला त्या वाक्यापाशी थांबावेसे वाटले. परातीत रॉकेल घेऊन छर्रे पुसणे, वाटीत ग्रीस भरून ते एकेक बसवणे, कोन आवळून चाक फिरवून पाहणे आणि ते खडखडणार नाही, पण अडणारही नाही अशा जागी कोन थांबवणे, हे आपण ज्या सायकलवर शिकलात ती हीच. हिरव्या सायकलच्या मालकाला हे येत होते की नाही कोण जाणे. ती मिळाली नाही याचे दुःख मुलाच्या वयात खरे होते, त्याची थट्टा मी करणार नाही. मात्र त्या दुःखात वडिलांनी कमी आणले असा एक हिशोब नकळत मिसळला आहे का, हे आपण स्वतःशी पाहावे. तो असेल तर पावडर कोटिंगने फिटणार नाही, आणि नसेल तर माझे हे वाक्य सोडून द्यावे.

पत्नीच्या म्हणण्याचा अर्थ आपण 'विरोध' असा लावला आहे. वयाचे भान ठेवा, या सूचनेत मला पडण्याची भीती दिसते, आणि तांत्रिकदृष्ट्या ती भीती रास्त आहे: क्रोमच्या लोखंडी रिमा ओल्या झाल्या की रबर त्यांवर घसरते आणि थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. म्हणून ब्रेकची रबरे आणि वायरी नव्याच घ्याव्यात, जुन्यांत कितीही जीव दिसला तरी, आणि ही सायकल पावसात बाहेर काढणार नाही, हे त्यांना सांगून टाकावे. पैशांचेही दोन टप्पे करून त्यांच्यासमोर मांडावेत. टायर-ट्यूब, छर्रे, ग्रीस, वायरी, रबरे, चेन आणि कॉटर एवढ्या पहिल्या टप्प्याला माझ्या अंदाजाने कारागिराच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास खर्च यावा. चेन बदलायची की नाही हे मोजून ठरते: चोवीस कड्यांची लांबी बरोबर १२ इंच असते, ती आठवा भाग इंचाने वाढली असेल तर चेन गेली. दुसऱ्या टप्प्याचा निर्णय दोघांनी मिळून, सायकल काही महिने चालल्यावर घ्यावा.

नवी गिअरची सायकल घेण्याच्या पर्यायालाही मी नावे ठेवणार नाही. रोज सकाळी लांबचा पल्ला मारायचा असेल, अक्कलकोटला जाऊन यायचे असेल किंवा तुळजापूरचा चढ चढायचा असेल, तर पत्नी म्हणतात तेच योग्य आहे; जुन्या रेसरचे गिअर जड असतात आणि चढावर गुडघ्यांचा हिशोब चुकता करतात. हिरवी सायकल रविवारची ठेवली तर दोन्हींची भांडणे होत नाहीत. मात्र दोन सायकलींना पोर्चमध्ये जागा आहे का, हे घरात विचारूनच पाऊल उचलावे.

एक काम राहिले आहे. ज्यांच्याकडून सायकल घेतली त्यांच्याकडून पाच हजारांची साधी पावती, फ्रेमच्या क्रमांकासह, लिहून घ्या. आणि जमल्यास तेव्हाच्या त्या मुलाचा, म्हणजे आज आपल्याच वयाच्या त्या गृहस्थांचा, फोन क्रमांक मागा. सायकल कधी आणि कुठून आणली, कोणते भाग बदलले, कधी धडकली होती का, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. ती चालवायला कशी होती, हेही विचारता येईल.

पहिली फेरी पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, सपाट रस्त्यावर मारावी; विजापूर रस्त्याने संभाजी तलावापर्यंत जाऊन परत येणे पुरेसे आहे. सीटची उंची अशी ठेवावी की टाच पायडलवर ठेवली असता पाय तळाशी सरळ होईल, म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी. पंधरा-वीस किलोमीटर झाले की कॉटरचे नट पुन्हा आवळावेत, कारण नव्या कॉटर बसताना थोड्या सैल होतात आणि तशाच चालवल्या तर क्रँकचे भोक मोठे होते. त्याच वेळी चाकांचा आउटही, म्हणजे फिरताना चाक डावी-उजवीकडे हलते का, हे एकदा तपासून घ्यावे.